ड्रोनची रेघ जळते आणि किनारा काळा पडतो, सेटिंग काय ठेवू?

तुमचा प्रश्न मला असा समजला. २४९ ग्रॅमवाला मिनी ड्रोन आहे, फुल फ्रेम कॅमेरा आणि १६-३५ची लेन्स आहे, ड्रोनला एलईडी बांधून भोगव्याच्या किनाऱ्यावर एका खडकाभोवती उजेडाचं कडं काढायचंय. ३० सेकंद, एफ २.८ (लेन्सचं तोंड किती उघडं, म्हणजे अॅपर्चर), आयएसओ ३२०० (उजेडाला संवेदनशीलता) ठेवलं तर कडं पांढरंफटक जळतं, आणि आयएसओ ४०० वर आणून एफ ५.६ केलं की कडं मस्त येतं पण खडक नि समुद्र काळोखात गायब. म्हणून विचारताय की बरोबर सेटिंग कुठलं, आणि मोठा महागडा लाइट घेतला तर खडकही उजळेल का.

मी देवगड ते मालवण ह्या पट्ट्यात बरीच वर्षं रात्रीचे फोटो काढतोय, त्यातली शेवटची काही ड्रोन घेऊन, आणि तुमची ही अडचण मला पहिला पूर्ण सीझन पुरली होती. तेव्हा मीही सेटिंगच शोधत होतो. पण खरी गोष्ट अशी की तुमच्या एका फोटोत दोन वेगवेगळी एक्सपोजर चाललेली असतात आणि दोघांचे नियम वेगळे आहेत.

खडक, वाळू, आकाश हे सगळं जागच्या जागी आहे, त्यामुळे शटर जितका वेळ उघडं तितका त्यांचा उजेड साठत जातो. ड्रोनचा दिवा मात्र हलतोय. सेन्सरच्या एका ठिपक्यावर तो अगदी क्षणभर असतो आणि पुढे सरकतो, मग शटर ३० सेकंद ठेवा नाहीतर ३ मिनिटं, त्या ठिपक्याला काही फरक पडत नाही. रेघ किती उजळ येणार हे ठरतं अॅपर्चर, आयएसओ, दिव्याची ताकद, ड्रोनचा वेग आणि अंतर ह्यांच्यावर. ड्रोन दुप्पट वेगाने नेला की रेघ एक स्टॉप उतरते (म्हणजे उजेड निम्मा होतो), निम्म्या वेगाने नेला की एक स्टॉप चढते (दुप्पट होतो). शटरचा वेळ वाढवून फक्त किनारा उजळतो, रेघ आहे तिथेच राहते. १९४९ साली लाइफ मासिकासाठी जॉन मिली यांनी पिकासोला हातातल्या दिव्याने हवेत चित्रं काढायला लावून फोटो घेतले, त्यांच्यापुढेही हाच पेच होता, रेघ उघड्या शटरवर आली पण अंधारातला पिकासो दिसायला हवा म्हणून त्याच्यासाठी वेगळा फ्लॅश उडवला. आपल्याला अख्खा किनारा फ्लॅशने उजळता येत नाही, एवढाच काय तो फरक.

आता तुमचेच आकडे घ्या. आयएसओ ३२०० वरून ४०० म्हणजे ३ स्टॉप, एफ २.८ वरून ५.६ म्हणजे आणखी २, एकूण ५ स्टॉप. हे ५ स्टॉप किनाऱ्याला शटरमधून परत द्यायचे तर वेळ ३२ पट हवा, ३० सेकंदांची १६ मिनिटं झाली. तेवढ्यात चांदण्यांच्या लांब रेघा होतील, लेन्सवर दव बसेल आणि हॉट पिक्सेल (तापलेल्या सेन्सरचे रंगीत ठिपके) उगवतील ते वेगळंच. म्हणजे कॅमेऱ्यात ह्याचं उत्तर नाही. मग दोनच गोष्टी हातात राहतात, किनाऱ्यावर आधीच थोडा जास्त उजेड असेल अशी वेळ निवडायची किंवा दिवा मंद करायचा. मोठा लाइट घेतलात तर रेघ अजून जळेल, तुमचा प्रॉब्लेम उलटा वाढेल.

वेळेबद्दल आधी सांगतो कारण माझे निम्म्याहून जास्त चांगले फोटो फक्त वेळेमुळे आलेत. सूर्य बुडाल्यावर साधारण २५ ते ३५ मिनिटांच्या मध्ये आकाश गडद निळं असतं, डोळ्याला काळोख वाटायला लागलेला असतो पण कॅमेऱ्याला अजून पुष्कळ दिसतं. त्या वेळी एफ ५.६, आयएसओ २०० आणि ३० सेकंद लावून बघा. किनाऱ्याला ते पुरतं आणि रेघेलाही तेच लागतं, एका फ्रेममध्ये दोन्ही जुळतात, मागून काही जोडावं लागत नाही. ही खिडकी मात्र लहान आहे. आपल्याकडे संधिप्रकाश झपाट्याने उतरतो, त्या दहा मिनिटांत दर तीन-चार मिनिटांनी एकेक स्टॉप उजेड कमी होत जातो, म्हणून मी आयएसओ २००, ४००, ८०० असा चढवत नाही (त्याने रेघही चढते), शटर ३० सेकंद, मग बल्ब मोडवर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) १ मिनिट, मग २ मिनिटं असा वाढवतो आणि ड्रोनची फेरी तीच ठेवतो. फेरी संपली की दिवा विझवायचा किंवा ड्रोन फ्रेमबाहेर काढायचा, शटर उघडंच. आणि हा सगळा अभ्यास उजेडात करून ठेवायचा, खडकाभोवती दोन-तीन कोऱ्या फेऱ्या आधीच मारायच्या, सूर्यास्तानंतर ट्रायपॉड लावायला सुरुवात केली तर झालंच.

दुसरी वेळ चंद्राची. सगळे अमावस्येच्या मागे लागतात, तारे दिसतात म्हणून, पण किनाऱ्यावर अमावस्येला मध्यरात्रीच्या आसपास उधाणाची भरती असते, ज्या खडकासाठी गेलात तोच अर्धा पाण्यात. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा साधारण तास मिळतो. पंचमीला पावणेचार, म्हणजे रात्री पावणेदहाच्या सुमाराला पूर्ण सुकती (ओहोटी). आणि शुद्ध पंचमीचा चंद्र साधारण दहाच्या आसपास मावळतो. म्हणजे आठ ते साडेनऊ पुळण (वाळूचा किनारा) मोकळी, खडक पूर्ण उघडा आणि पश्चिमेकडून चंद्राचा मऊ उजेड. एफ ४, आयएसओ ८००, एक ते दोन मिनिटं एवढ्यात खडकाचा पोत दिसायला लागतो. फक्त चंद्र समुद्राच्या बाजूला असतो हे ध्यानात ठेवा, समुद्राकडे तोंड करून काढलंत तर खडकाची काळी आकृती मिळेल, तिला उजेड हवा असेल तर पाण्याच्या बाजूने किंवा आडव्या बाजूने काढा. अष्टमीला उजेड जास्त मिळतो पण सुकती थेट मध्यरात्री. हा हिशोब ढोबळ आहे, जायच्या आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच.

आता दिवा. मिनी ड्रोनवर मी १०-१५ ग्रॅमचे सायकलला लावायचे छोटे एलईडी वापरतो, वेल्क्रो आणि झिप टाय. ल्यूम क्यूबसारखा लाइट १५०० ल्युमेनचा आहे, चांगला आहे, पण एकटा जवळपास १०० ग्रॅमचा, तो मिनीवर बांधला तर ड्रोन उडेल कदाचित पण वाऱ्यात ताबा राहणार नाही, तो अर्धा किलोच्या वरच्या ड्रोनसाठी. छोट्या एलईडीवर ट्रेसिंग पेपरचा एक थर टाका, टेस्ट घ्या, जळतोय तर दुसरा थर. हे मी अगदी मनापासून सांगतो की सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सामान हा ट्रेसिंग पेपर आहे. दिवा ३ स्टॉप मंद केलात की कॅमेरा ३ स्टॉप उघडा ठेवता येतो आणि किनारा आपोआप वर येतो. ब्राइटनेसचं बटण असलेला दिवा असेल तर तो बटणाने कमी करू नका मात्र. स्वस्त एलईडी मंद करताना आतून भराभर चालू-बंद होत असतात, डोळ्याला कळत नाही पण हलत्या दिव्याची रेघ तुटक ठिपक्यांची येते. फुल ब्राइटनेस आणि वरून कागद.

आणखी एक, हे तुमच्याही फोटोत होणार. दिवा ड्रोनच्या नाकावर बांधून, नाक खडकाकडे ठेवून फेरी मारलीत तर मागच्या अर्ध्या फेरीत दिव्याचं तोंड कॅमेऱ्याकडे असतं आणि पुढच्या अर्ध्या फेरीत पाठ. कडं अर्धं लखलखीत, अर्धं मेलेलं. उपाय दोन, दिवा पोटाखाली बांधून त्याला पांढऱ्या टेबल टेनिसच्या बॉलची टोपी घालायची म्हणजे उजेड चहूबाजूंनी सारखा पडतो, किंवा ड्रोनचं नाक पूर्ण वेळ कॅमेऱ्याकडे ठेवून फक्त उजव्या स्टिकने गोल फिरवायचा. दुसऱ्याला हात बसायला वेळ लागतो. मी बॉल वापरतो. बांधताना पोटाखालचे सेन्सर आणि हवेच्या जाळ्या झाकल्या जात नाहीत ना ते बघा, आणि ड्रोनचे स्वतःचे लुकलुकणारे दिवे काळ्या इलेक्ट्रिकल टेपने झाका नाहीतर कड्यात लाल-हिरवे टिपके येतात. जाता-येताना तुम्हाला ड्रोन दिसायला काहीतरी पेटतं हवं, तो तुमचा एलईडी आहेच.

फेरीच्या वेगाचा हिशोब सोपा आहे. ५ मीटर त्रिज्येचं कडं म्हणजे परीघ ३१ मीटरच्या आसपास, ३० सेकंदांत पूर्ण करायचं तर सेकंदाला साधारण १ मीटर. सिने मोडला (ड्रोनचा सावकाश उडायचा मोड) हे आरामात जमतं. ऑटो सर्कलवर विसंबू नका, तो कॅमेऱ्याला विषय दिसला तर चालतो, काळोखात त्याला खडक दिसतच नाही. हाताने फिरवा, किंवा वेपॉइंट चालत असतील तर दिवसा आखून ठेवा. आणि ड्रोन थांबलेला असताना शटर उघडू नका, थांबलेला दिवा एकाच ठिपक्यावर उजेड ओततो आणि तिथे गाठ पडल्यासारखा गोळा दिसतो. आधी ड्रोन फिरता ठेवायचा, लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरून शटर उघडायचं, ड्रोन ठरलेल्या जागेवरून गेला की पुठ्ठा काढायचा. कडं पूर्ण होताना थोडं एकावर एक आलं तर तेवढा तुकडा एक स्टॉप जास्त उजळ येतो, ते मला खटकतं, म्हणून मी दोन हात जागा रिकामी सोडतो आणि ती खडकामागे लपेल असं बघतो.

कॅमेऱ्यातलं बाकीचं पटकन सांगतो. रॉ मध्येच काढा. व्हाइट बॅलन्स ऑटो नको, ४००० केल्विनच्या आसपास लॉक करा म्हणजे आकाश निळं राहतं. फोकससाठी ड्रोन खडकाच्या डोक्यावर उभा करा, त्याच्या दिव्यावर ऑटोफोकस घ्या, मग मॅन्युअलला टाका आणि रिंगला टेप. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद, कारण २ मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा अजून २ मिनिटं अडकून बसतो आणि तेवढ्यात आकाशही जातं, बॅटरीही जाते, त्यापेक्षा शेवटी झाकण लावून त्याच सेटिंगचा एक काळा फ्रेम घेऊन ठेवा (नंतर हॉट पिक्सेल वजा करायला). रिमोट नसेल तर २ सेकंदांचा टायमर चालतो, पण बल्बसाठी रिमोट लागेलच. तारे टोकदार हवे असतील तर १६ एमएमला ३० सेकंदांच्या पुढे जाऊ नका. ओल्या वाळूत ट्रायपॉडचे पाय हळूहळू खचतात, एक मिनिटाचा फोटो हलतो आणि कळत नाही का हलला, मी तीन करवंट्या घेऊन जातो, उताण्या ठेवून वाळूत दाबायच्या आणि त्यात पाय.

एवढं करूनही एका फ्रेममध्ये जमलं नाही तर दोन फ्रेम घ्या. ट्रायपॉड न हलवता एक रेघेसाठी, एफ ८, आयएसओ २००, आणि एक किनाऱ्यासाठी हवं तेवढं लांब, मग फोटोशॉपमध्ये लायटन मोडला (दोन्हीतला उजळ ठिपका तेवढा ठेवणारा) एकावर एक. ह्यात लबाडी काही नाही, फक्त फोटो टाकताना दोन फ्रेम आहेत असं लिहा.

खडकावर वरून उजेड टाकायचंही तुमच्या डोक्यात आहे असं वाटतं. ते वेगळं काम आहे आणि तिथे नियम उलटतो. दिवा दिसायला नको असतो, त्याचा उजेड खडकावर पडून साठायला हवा असतो, म्हणून ड्रोन स्थिर किंवा अगदी सावकाश, आणि इथे वेळ मोजायचा, ५ सेकंद इकडून, १० तिकडून. ड्रोन बरोबर डोक्यावर ठेवलात तर खडक सपाट दिसतो. बाजूला, तिरका, खाली ठेवा, सावल्या पडल्या की दगडाला जीव येतो. सड्यावरच्या (कोकणातल्या कातळी पठारावरच्या) कातळशिल्पांना तर हे फारच लागू आहे, तिथल्या रेषा इतक्या उथळ आहेत की भर दुपारी माणूस त्यांच्यावरून चालत जातो आणि दिसत नाही, आणि तोच उजेड आडवा आला की अख्खं चित्र उठून येतं. पण तिथे जायचं तर गावाला विचारून, रेषांवर पाय न देता, ट्रायपॉड कडेला ठेवून. ह्यासाठी मात्र मोठा लाइट आणि मोठा ड्रोन लागतो, मिनीने पाच फुटांचा खडक होईल, जास्त नाही.

आता जागेबद्दल, आणि हे कृपया टाळू नका. भोगवे चिपी विमानतळापासून १२ किलोमीटरच्या आत आहे, तिथे मनाला येईल तसा ड्रोन उडवता येत नाही, आधी डिजिटल स्काय (ड्रोनच्या झोनचा सरकारी) नकाशात आपला बिंदू टाकून बघा कुठल्या झोनमध्ये येतो. शक्य असेल तर देवगडच्या बाजूला या, खडक आमच्याकडेही भरपूर आहेत. दुसरं, २०२१च्या ड्रोन नियमांत वजन धरतात ते बांधलेल्या सामानासकट. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. तुमचा ड्रोन २४९चा, त्यावर १५ ग्रॅमचा दिवा चढला की तो नॅनो राहिला नाही. हौसेसाठी उडवताय तोवर मायक्रोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण प्री-वेडिंगचं काम घेतलंत की लागतं. मी शिवाय प्रत्येक वेळी पोलीस ठाण्यात लेखी कळवतो आणि पोलीस पाटलांना फोन करतो. आपला किनारा १९९३ला शेखाडीत स्फोटकं उतरल्यापासून संवेदनशील आहे, रात्री समुद्रावर फिरता दिवा दिसला की लोक घाबरतात आणि ते बरोबरच आहे. सागर कवच हा किनारा सुरक्षेचा सराव चालू असेल त्या दिवसांत तर जाऊच नका.

नोव्हेंबरपासून मे पर्यंत कासवांचा सीझन असतो. वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी आणि आणखी कितीतरी पुळणींवर ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, आणि पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने चालतात, समुद्राऐवजी तुमच्या दिव्याकडे. जिथे घरटी आहेत तिथे हा प्रकार करू नका. गावातल्या कासवमित्रांना विचारा, ते जागा सांगतात. कातळी किनारा निवडलात तर हा प्रश्न येत नाही.

वाऱ्याचं शेवटी सांगतो पण माझा पहिला ड्रोन ह्यातच गेला. दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात, ड्रोन भरकटला तरी माडांकडे येतो. रात्री मतलई सुटतात, जमिनीकडून समुद्राकडे. मी रात्री दहानंतर आचऱ्याच्या बाजूला उडवत होतो, रापणीवरचे (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचे) एक काका जवळ उभे होते, त्यांनी सांगितलं होतं, "रातचो वारो भायर ओढता रे." मी वरवर ऐकलं. जाताना ड्रोन छान गेला, वारा पाठीशी होता ना, येताना पूर्ण ताकद लावूनही जागचा हलेना, बॅटरी ३० टक्क्यांवरून बघता बघता १० वर आली आणि लाटांच्या पलीकडे दिवा विझला. तेव्हापासून मी खडक पाण्यात असला तरी जमिनीच्या बाजूलाच उभा राहतो आणि ५० टक्क्यांना ड्रोन परत आणतो. काळोखात पोटाखालचे कॅमेरा सेन्सर नीट काम करत नाहीत, हलत्या पाण्यावर तर ते दिवसाही फसतात, त्यामुळे ड्रोन उंची आपोआप धरेल असं समजून पाण्यापासून चार-पाच मीटरवर नेऊ नका. जेटीच्या स्लॅबवरून उडवू नका, आतल्या सळ्यांनी कंपास बिघडतो. वाळूवरून थेट उडवलंत तर मोटारीत रेती जाते, चटई पसरा. घरी आल्यावर गोड्या पाण्यात फडकं भिजवून, घट्ट पिळून ड्रोन आणि ट्रायपॉडचे सांधे पुसा, खार दोन दिवसांत लोखंड धरते. लेन्सवर दव बसतंच, दर दोन फोटोंनंतर टॉर्चने बघा.

म्हणून खरेदीचं उत्तर असं, मोठा लाइट आता नको. रिमोट, एक जास्तीची ड्रोन बॅटरी, ट्रेसिंग पेपर, काळी टेप आणि टेबल टेनिसचा बॉल घ्या. पहिली संध्याकाळ ड्रोन न उडवता फक्त किनाऱ्याचे फोटो काढा, सूर्यास्तापासून दर पाच मिनिटांनी, आणि कुठल्या मिनिटाला कुठलं एक्सपोजर बसतं ते वहीत लिहा. दुसऱ्या संध्याकाळी एफ ५.६, आयएसओ २०० वर एक फेरी. कडं जळलं तर कागदाचा थर वाढवा, मंद आलं तर कमी करा, कॅमेऱ्याला हात लावू नका. आणि तुमच्या एलईडीचं वजन आणि तो नेमका कुठे बांधताय त्याचा एक फोटो इथे टाका, तेवढं बघून बॉल लागेल की नुसता कागद पुरेल ते सांगतो.